दहाव्याची मिशी

गोदू गेल्याची बातमी भिवंडीच्या नारपोलीत आली तेव्हा लडकू चहाच्या टपरीवर बसला होता, आणि बातमी घेऊन आलेल्या माणसाला त्यानं आधी ओळखच दिली नाही.

त्या थंडीत राज्यभर सरकारी नोकरांचा संप चालू होता. केंद्राच्या नोकरांना मिळतो तेवढा महागाई भत्ता आम्हालाही द्या, अशी मागणी होती. कचेऱ्यांना कुलपं लागली होती, शाळा बंद होत्या, आणि भिवंडीत जिथं चार माणसं उभी राहत तिथं हाच विषय निघे. भाऊंच्या लूमसमोरच्या टपरीवर तर सकाळची पाळी सुटली की वादाला तोंड फुटे. भाऊंचे स्वतःचे कापड विणायचे लूम होते आणि भागात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत आणि मग आपलं मत सांगत. सरकारच्या तिजोरीत येतं त्यातला मोठा वाटा पगारात आणि पेन्शनीत जातो, मग रस्त्याला, पाण्याला, दवाखान्याला उरतं काय, असा त्यांचा सवाल असे. माझ्या लूमवरचा माणूस आख्खी शिफ्ट उभ्यानं काढतो, आवाजानं बहिरा होतो, त्याला म्हातारपणी कोण काय देतं, हेही ते विचारत. त्यावर लूमवरचे कामगार माना डोलावत आणि मालकाकडं बघून एकमेकांत हसत.

समोरच्या बाकावर अण्णा बसत. अण्णा शिक्षण खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं ठरलेलं होतं. पेन्शन म्हणजे भीक नव्हे, तो मागं ठेवलेला पगार आहे. नोकरीत असताना सरकारनं हात आखडता घेतला, तोच पुढं थोडा थोडा सैल सोडतात. लूमवाल्यालाही म्हातारपणी काही मिळावं, पण ते आमच्या ताटातून उचलून नव्हे.

लडकू ह्या वादात कधी तोंड घालत नसे. बांधकाम खात्यात पट्टेवाला म्हणून त्याचा जन्म गेला होता. साहेबांची बॅग उचलायची, फायली ह्या टेबलावरून त्या टेबलावर न्यायच्या, दाराबाहेर स्टुलावर बसायचं. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, मैना, टेमघरला दिली होती. नारपोलीच्या चाळीतली एक खोली, तो आणि त्याची बायको गोदू, आणि महिन्याला येणारी पेन्शन, एवढाच त्याचा संसार. पेन्शनीवर कुणी बोलायला लागलं की त्याला आपल्याच अंगावर कुणीतरी हात टाकतोय असं वाटे. तो ऐकून घेई आणि चहा संपवून उठे.

त्या दिवशी मात्र त्याला उठता आलं नाही. भाऊंनी नवीनच काही काढलं होतं. कुठल्याशा तालुक्यात म्हणे मेलेल्या माणसांच्या नावानं पेन्शनी उचलल्या जात होत्या. संप मिटल्यावर ह्या लोकांना वाढवून द्यायचं तर सरकार पैसा आणणार कुठून? आधी जुनी खाती चाळून काढणार. एकेका पेन्शनराला उभा करणार आणि फोटोशी ताडून बघणार. जुळला तर ठीक, नाही जुळला तर बंद. हा शेवटचा भाग भाऊंचा स्वतःचा अंदाज होता. पण बोलताना त्यांच्या हातात वर्तमानपत्र होतं, त्यामुळं लडकूला ते सगळं छापून आलेलंच वाटलं. त्याला वाचता येत नव्हतं.

अण्णा हसले. म्हणाले, “लडकूला कसली भीती? त्याची मिशी म्हणजेच त्याची सही. ती जागेवर आहे तोवर लडकूची पेन्शनही जागेवर.”

सगळे हसले. लडकूही हसला, पण त्याचा हात आपसूक मिशीकडं गेला. मिशी होतीच तशी, जाड, दोन्ही टोकांना वळवलेली. पेन्शनीच्या कागदासाठी त्यानं आणि गोदूनं मिळून फोटो काढला होता तेव्हाही ती तशीच होती. कचेरीत खिडकीवर बसणारा जुना कारकून त्याला नावानं नव्हे, ‘या मिशीवाले’ म्हणूनच हाक मारी. तो कारकून दिवाळीच्या सुमाराला निवृत्त होऊन गावी गेला होता. हे लडकूला आता आठवलं.

तेवढ्यात वज्रेश्वरीच्या एसटीतून उतरलेला एक अनोळखी माणूस टपरीशी आला. पायात वहाणा, अंगावर धूळ. त्यानं चहावाल्याला विचारलं, लडकू पट्टेवाले कुठं राहतात?

लडकूला वाटलं, आली तपासणी. त्यानं ग्लासात तोंड खुपसलं. चहावाल्यानं बोट केलं, तरी तो वर बघेना. तो माणूस येऊन शेजारी टेकला. हलक्या आवाजात म्हणाला, “मला ठकुबाईंनी पाठवलंय, अकलोलीहून. गोदूबाई वारल्या, दादा. सकाळी कुंडावर.”

गोदूचे गुडघे धरले होते. अकलोलीच्या गरम पाण्यात बसलं की आराम पडतो म्हणून ती धाकट्या बहिणीला, ठकुबाईला, सोबत घेऊन गेली होती. पाण्यातून बाहेर येऊन पायरीवर बसली, छातीत दाटतंय म्हणाली, आणि ठकुबाई पाणी आणायला वळली तेवढ्यात संपली. लडकूनं हे सगळं ऐकलं. मग त्यानं विचारलं, “तुमी सरकारी न्हाय ना?” त्या माणसाला प्रश्न कळला नाही. कुणालाच कळला नाही. दुःखात माणूस काहीही बोलतो असं सगळ्यांनी धरलं.

गोदूला आणायला गाडी भाऊंनीच दिली. सुताच्या गोण्या वाहणारा त्यांचा टेम्पो होता, तो झाडून घेतला, वर चादर अंथरली, आणि भाऊ स्वतः ड्रायव्हरशेजारी बसले. तेलाचे पैसे कुणी विचारले नाहीत, त्यांनी सांगितले नाहीत. परत येताना टेम्पोच्या फळीवर सुताचा कापूस अजून होता आणि तो गोदूच्या पदराला चिकटला होता. लडकू तो एकेक करून काढत बसला.

मुलगा नव्हता, म्हणून अग्नी लडकूनंच दिला. भावाचा मुलगा बाळाराम पुढं झाला होता. तो म्हणाला, “काका, तुमी बसा, मी करतो.” लडकूनं ऐकलं नाही. आपल्या बायकोचं आपण करायचं, तो म्हणाला. तेव्हा त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. अग्नी देणाऱ्यानं दहाव्याला डोकं आणि मिशी उतरवायची असते, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. आईबापांच्या वेळी त्यानं उतरवली होती. फक्त त्या घडीला ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

ध्यानात आलं ते मधल्या दिवसांत, सुतकात. घरात बसून करायला काही नव्हतं. बाहेर लूमची खटखट चालू, मध्येच वीज गेली की सगळं एकदम गप्प होई आणि त्या शांततेत त्याला भाऊंचा आवाज ऐकू येई. एकेकाला उभा करणार. फोटोशी ताडून बघणार. भेटायला आलेल्या माणसांच्या तोंडीही संपच असे. एकजण म्हणाला, सरकार नमणार नाही. दुसरा म्हणाला, नमेल, पण ह्यांना द्यायला म्हाताऱ्यांचं कापेल. पहिल्या तारखेला मिळायची पेन्शनही कचेरीच्या कुलपामुळं आली नव्हती. लडकूला वाटलं, कापायला सुरुवात झाली. आता संप मिटेल, खिडकी उघडेल, आत नवा कारकून असेल, त्याच्या हातात फोटो असेल. फोटोत मिशी आणि समोर गुळगुळीत तोंडाचा म्हातारा. तो विचारणार, हा कोण? आणि ओळख सांगायला गोदूही नाही.

पेन्शन थांबली तर काय, हे तो पुन्हा पुन्हा मनात मांडून बघे. खोलीचं भाडं थकेल, मग खोली जाईल, मग टेमघर. मैनाच्या सासऱ्यानं एकदा लग्नातच म्हटलं होतं, आम्ही पोरगी घेतली, पोरीचा बाप न्हाय घेतला. हसत म्हटलं होतं. पण लडकू ते विसरला नव्हता. पोरीच्या घरी ताटावर बसायचं आणि तिच्या सासऱ्याचं तोंड बघायचं, ह्यापेक्षा गोदूमागं गेलेलं बरं, असं त्याला वाटे.

दहाव्याला कामवारी नदीच्या काठी भावकी जमली. नामा न्हावी आधीच येऊन बसला होता. वाटीत पाणी, पुढं धोपटी. लडकू त्याच्यासमोर बसला. नामानं डोकं भिजवलं, वस्तरा चालवला, केस खाली पडले. मग त्यानं बोटं पाण्यात बुडवून मिशीकडं नेली, आणि लडकूनं त्याचं मनगट धरलं.

“नामा, डोकं झालं ना? मिशी राहू दे.”

नामाला वाटलं, वस्तरा लागला. तो म्हणाला, हलक्या हातानं करतो. लडकू म्हणाला, हलक्या न्हाय नि जड न्हाय, मिशीला हात लावू नको. फोटोत त्याच्या डोक्यावर खात्याची टोपी होती. डोकं गेलं तरी चालणार होतं, टोपी घालता आली असती. हे त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं.

बाळाराम खाली वाकून कानाशी बोलला. भावकीतल्या एका म्हाताऱ्यानं खाकरून विचारलं की काय चाललंय. भटजी म्हणाले, अहो, क्षौर अर्धं राहत नसतं. लडकूनं कुणाकडं बघितलं नाही. तो उठला, नदीत बुडी मारली आणि ओल्या धोतरानं पिंडाशी जाऊन बसला. डोकं पांढरं फटक, आणि खाली काळीपांढरी मिशी, पाण्यानं लोंबलेली. कुणीतरी तोंड फिरवलं.

सगळ्यांना वाटलं, आता कावळा शिवणार नाही, दुपार होईल. पण पिंड ठेवून माणसं बाजूला झाली न झाली तोच कावळा आला आणि भात घेऊन गेला. भावकीनं सुटकेचा निःश्वास टाकला. लडकूला मात्र ते लागलं. गोदू जिवंतपणी कधी रुसून बसली नव्हती, आताही बसली नाही. आज तरी बसायला हवं होतं.

ही गोष्ट संध्याकाळच्या आत चाळीत पसरली. लोकांना कारण हवं होतं आणि लडकू सांगत नव्हता, तेव्हा लोकांनीच ते शोधलं. ठकुबाई तेराव्याला आली ती दारातच उभी राहिली. बहिणीच्या नवऱ्याशी ती सहसा तोंड वर करून बोलत नसे.

“भावजी, एक इचारते. दुसरी करायची हाय का?”

लडकूनं तिला बसायला पाट सरकवला.

“न्हाय म्हंजे, मिशी राखलीव म्हनून. माज्या बहिनीसाठी चार केस जड झालं तुमाला. आमच्या गावात बैल मेला तरी मानूस येक दिस जेवत न्हाय.”

आतून बायका ऐकत होत्या. लडकूला सांगता आलं असतं, दुसरी नको गं बाई, पेन्शनीसाठी राखलीय. पण ते तोंडावर आलं तसं त्यानंच ते परत गिळलं. दुसरी करायची म्हणून राखली हे ऐकायला वाईट होतं. पैशासाठी राखली हे त्याहून वाईट. ठकुबाई तेराव्याचं न जेवता निघून गेली.

मैनाला त्यानं सांगितलं. ती भांडी घासत होती, पाठमोरी. त्यानं तिच्या पाठीला सगळं सांगितलं, भाऊंचं वाचन, फोटो, नवा कारकून. तिच्या सासऱ्याचं तेवढं सांगितलं नाही. मैनानं हातातलं भांडं घासून पालथं ठेवलं. मग म्हणाली, “आयची कातरी कुठं हाय, बा?”

कातर खिळ्याला लटकवलेली होती. लडकूचे हात निवृत्तीच्या आधीपासून थरथरत. मिशी गोदूच कापून देई, दर पंधरवड्याला, दारातल्या उजेडात त्याला बसवून. फोटोसारखी ठेव, तो म्हणे. ती म्हणे, फोटोत तुमचं त्वांड वाकडं हाय, तसंच करू का? मैनानं कातर काढून बघितली, पदरानं पुसली आणि परत खिळ्याला लावली. तिला ते जमलं नसतं आणि आईच्या कातरीनं दुसऱ्या कुणाला तिनं करूही दिलं नसतं. ती टेमघरला गेली.

मग दिवस तसेच जायला लागले. संप मिटेना. मिशी वाढत चालली. आधी ओठावर आली, मग ओठाखाली. लडकू सकाळी आरशात बघे तेव्हा त्याला फोटोतला माणूस दिसत नसे, दुसराच कुणी दिसे. त्यानं स्वतः कातर धरून बघितली, हात हलला, एका बाजूनं खाच पडली. मग तो नामाच्या दुकानात गेला. टोकं तेवढी नीट कर, म्हणाला.

नामानं खुर्ची पुसली नाही. तो दारात येऊन उभा राहिला.

“लडकूदादा, रागावू नका. ती दहाव्याची मिशी हाय. तिला कातर लावून शोभेची करायची, हे माझ्याकडनं व्हायचं न्हाय. वस्तरा लावीन. तुम्ही म्हणाल त्या दिवशी नदीवर येईन, पैसं घेणार न्हाय. पण कातर न्हाय.”

बाजारात दुसरे न्हावी होते. लडकू एकाच्या दुकानासमोर दोनदा गेला आणि दोनदा परत आला. नामानं म्हटलं ते त्याला खोटं वाटत नव्हतं.

अशात शाळेच्या मैदानात सभा झाली. संपवाल्यांच्या बाजूनं अण्णा बोलणार होते आणि दुसरी बाजू मांडायला भाऊंना बोलावलं होतं. लडकूला जायचं नव्हतं. पण घरी बसलं तर तिथं काय ठरलं हे कळणार नाही, ही धास्ती जास्त होती. तो टोपी घालून मागं उभा राहिला.

भाऊ बरंच बोलले, आणि वाईट बोलले नाहीत. कर भरतो तो शेतकरी, विणकर आणि दुकानदार, आणि म्हातारपण काही फक्त सरकारी माणसाला येत नाही, असं ते म्हणाले. लूमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मग अण्णा उठले. त्यांनी आकडे सांगितले नाहीत. त्यांनी मागं बघितलं आणि हात केला.

“तो बघा, आमचा लडकू. ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, साहेबाच्या मागं फायली वाहिल्या. त्याची पेन्शन बंद करून तुमचा रस्ता किती लांब होणार आहे, ते मला सांगा. लडकू, पुढं ये रे.”

सगळ्या माना वळल्या. लडकू एक पाऊल मागं सरला. इतके दिवस तो कुणाच्या डोळ्यांत न येण्याची काळजी घेत होता, आणि आता आख्खं मैदान त्याच्याकडं बघत होतं, त्याच्या मिशीकडं. लूमवरचा एक कामगार बसल्या जागेवरून म्हणाला, “चाचा की मूँछ तो देखो, सरकारी घी से पली है.” हशा पिकला. दुसरा एक मराठीत म्हणाला, बायकोच्या दहाव्याला पण काढली न्हाय, सरकारचा जावई ना तो.

भाऊंनी हातानं लोकांना गप्प केलं. ते म्हणाले, “मी ह्याच्याबद्दल बोलत नाही. ह्याची बायको मी माझ्या टेम्पोतून आणलीय. ह्याचं नाव कुणी घ्यायचं नाही.” मग ते खाली बसले. अण्णांनी बोलणं तिथंच आवरलं. लडकू कधी निघून गेला ते कुणाला दिसलं नाही.

फेब्रुवारीत संप मिटला. कचेरीची कुलपं निघाली आणि पेन्शनीच्या खिडकीवर रांग लागली. लडकू पहाटेच जाऊन उभा राहिला होता. खात्याची जुनी टोपी त्यानं डोक्यावर ओढून घेतली होती. मिशीला खोबरेल लावून ती बोटांनी वर वळवली होती, पण लांबलेले केस सारखे खाली येत होते. पुढचा माणूस सरकला की तो टोपी पुन्हा नीट करी. आपल्याला काय विचारतील आणि आपण काय सांगू, हे तो मनात घोकत होता. मीच लडकू. हा माझाच फोटो. ही माझी बायको.

खिडकीत नवा कारकून होता, तरणा, सर्दीनं नाक लाल झालेला. त्यानं नाव विचारलं, कागद काढला, शाईची डबी पुढं सरकवली आणि अंगठ्याची जागा दाखवली. वर बघितलंसुद्धा नाही. लडकूनं अंगठा उमटवला. कारकून पुढच्याला हाक मारणार तोच लडकूनं खिडकीची सळई धरली.

“साहेब, फोटो बघा.”

“कसला फोटो?”

“माझा. कागदाला लावलेला. जुळतो का बघा एकदा. मागनं तक्रार नको.”

कारकुनानं पहिल्यांदा त्याच्याकडं बघितलं. म्हातारा हटत नाही हे बघून त्यानं मागची फाईल ओढली, पानं उलटली आणि फोटो समोर धरला. लडकूनं तो निवृत्तीनंतर आज पहिल्यांदा बघितला. दोघं शेजारी बसलेले. गोदूनं डोक्यावर पदर घेतलेला, आणि समोर बघ म्हणून सांगूनही तिची नजर थोडी त्याच्याकडं गेलेली. फोटोवर कचेरीचा गोल शिक्का मारला होता. त्याची जाड निळी कड नेमकी लडकूच्या ओठांवर आली होती. मिशी दिसतच नव्हती.

“बाबा, हा फोटो तुम्हाला ओळखायला नाही,” कारकून समजावून सांगायला लागला. “तुम्हाला अंगठा आहे. उद्या तुमचं काही झालं तर तुमच्या मागं बाईंना पेन्शन मिळते. त्या एकट्या येतात इथं. त्यांना कोण ओळखणार? म्हणून हा ठेवायचा. हा त्यांच्यासाठी आहे.”

लडकू फोटोकडं बघत राहिला.

“बाई ठीक आहेत ना?”

“वारली,” लडकू म्हणाला. “संपात.”

कारकुनानं लेखणी खाली ठेवली. मग हळू आवाजात त्यानं सांगितलं की मृत्यूचा दाखला आणून द्यावा लागेल, म्हणजे नाव कमी करता येईल. घाई नाही, जमेल तेव्हा आणा. लडकूनं विचारलं, हा फोटो मला मिळेल का, तिचा दुसरा न्हाय. कारकून म्हणाला, नाही हो, तो फाईलीतच राहतो. रांगेतल्या माणसांनी मागून आवाज दिला. लडकूनं सळई सोडली नाही.

“नि साहेब, ती फोटोची तपासणी, समद्यांना उभं करणार म्हणत्यात, ती कधी हाय?”

“असली तपासणी मी तरी ऐकली नाही. आमच्याकडे अजून काही आलेलं नाही.”

लडकू बाहेर आला. पेन्शन खिशात होती, मागची राहिलेलीसुद्धा. ऊन चढलं होतं. नारपोलीकडं चालत येताना त्यानं ठरवलं की तडक नामाकडं जायचं आणि त्याला सांगायचं, उद्या नदीवर चल. ठकुबाईलाही निरोप धाडायचा. ज्या फोटोसाठी मिशी राखली तो गोदूला ओळखायला ठेवलेला होता, आणि गोदू आता त्या खिडकीवर कधी येणार नव्हती. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं हे मनाशी दोन-तीनदा म्हटलं.

पण प्रत्येक वेळी त्याच्यापुढं कारकुनाचा तो शब्द येई. अजून. अजून काही आलेलं नाही.

नामा दुकानात मोकळाच बसला होता. लडकूला रस्त्यापलीकडं बघून तो उठला आणि खुर्चीवर फडकं मारलं. लडकू थांबला. शेजारच्या टपरीवर भाऊ वाचत होते. संप मिटला खरा, ते अण्णांना सांगत होते, पण आता अंदाजपत्रक येईल, तेव्हा बघा. एवढा बोजा भरून काढायला सरकार कुठं कुठं हात घालतं ते तेव्हा कळेल. अण्णा काहीतरी उलट बोलले. लडकूला ते ऐकू आलं नाही. त्यानं टोपी पुढं ओढली आणि नामाकडं न बघता घरचा रस्ता धरला.

नामा अजून विचारतो. लडकू म्हणतो, अंदाजपत्रक होऊ दे, मग बघू. मृत्यूचा दाखला त्यानं कचेरीत नेऊन दिलेला नाही. गोदूच्या दहाव्याचं क्षौर व्हायचं राहिलं आहे.